आधी पट्टी, मग चेष्टा

आमच्या गावात गोरखनानासमोर छातीला हात लावायची सोय नव्हती. नुसतं खाजवायचं असलं तरी माणूस आधी आजूबाजूला बघून घ्यायचा. नानानं पाहिलं की संपलंच. हातातलं दुधाचं माप खाली ठेवून तो विचारणार, "जळजळतंय का? घाम आलाय का? डावा हात दुखतोय का?" तुम्ही "न्हाई ओ नाना, पित्त हाय" म्हणालात की दंडाला धरून तुम्हाला दूध सोसायटीच्या टेम्पोत बसवणार आणि आष्टीच्या दवाखान्यात नेऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणार. कुणी हसलं तर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "आदी पट्टी, मग चेष्टा."

गोरखनाना आमच्या सोसायटीचा सचिव. चारा छावण्यांचं वर्ष होतं ते. निम्मी जनावरं छावणीत, उरलेल्यांपैकी बरीच बाजारात गेलेली, दूध आटलेलं. त्यामुळे सचिव तोच, माप घेणारा तोच आणि टेम्पोचा ड्रायव्हरही तोच. पाण्याच्या बाबतीत महाकंजूष. कॅन धुतलेलं पाणी म्हशीला, तोंड धुतलेलं लिंबाच्या झाडाला. कुणाच्या हातून तांब्या कलंडला तर लेकरू पडल्यागत हळहळायचा.

एकदा त्यानं हळद लागलेल्या नवरदेवाला उचललं. पोरानं पैज लावून सात लाडू खाल्ले होते आणि मांडवात छाती चोळत उभा होता. वऱ्हाड इकडे वाजंत्री लावून बसलं आणि नवरदेव तिकडे दुधाच्या कॅनांमध्ये! पट्टी चांगली निघाली. सगळ्यांच्याच चांगल्या निघायच्या. चिडायचं सोडून नाना खूश होऊन सगळ्या दवाखान्याला चहा पाजायचा. "पित्तच निघालं ओ!" असं तो ज्याला त्याला सांगायचा, पोरगा पास झाल्यासारखं.

बाया मात्र टेम्पोत बसायच्या नाहीत. त्यांना पित्त असायचं, वेळ नसायचा.

गावाचं म्हणणं एकच, की हार्ट हा बंगलेवाल्यांचा आजार. आपण भाकरी खाणारी, उन्हात राबणारी माणसं, त्यात हा दुष्काळ, आपल्या अंगात चरबी कुठली? असं म्हणत म्हणत माणसं तंबाखू मळायची. आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळे गाव काय खातं ते मला पक्कं ठाऊक. तंबाखू, साखर, पामतेल, बायकांची मिसरी, आणि या सगळ्यावर उतारा म्हणून खायचा सोडा. आमच्या घरातही सोडा रोजचाच. सुमन, आमची मंडळी, टँकरवरून दोन घागरी आणून टेकली की छाती चोळत चिमूटभर सोडा पाण्यातून घ्यायची. मीच काढून द्यायचो. घरचंच दुकान!

तर नानाच्या या नादापायी टेम्पो आधी दवाखान्यात आणि मग शीतकरण केंद्रावर जायचा. उन्हाळ्याचे दिवस. दोनदा दूध नासून परत आलं. गावात बोंब झाली. चेअरमननं कागद तयार केला, पुन्हा टेम्पोत माणूस दिसला तर सचिवपद सोडावं लागेल. संचालक मंडळात सगळ्यात गरीब स्वभावाचा मी, म्हणून तो नेऊन द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सकाळी डेअरीवर गेलो. आदल्या संध्याकाळी मिरचीची भजी जरा जास्तच झाली होती. एक मोठी ढेकर आली, आणि नेमका त्याच वेळी मी कागद काढायला सदऱ्याच्या डाव्या खिशात हात घातला.

नानाच्या हातातलं माप खाली आलं.

"आप्पा, जळजळतंय?"

"अहो नाना, कागद..."

"बसा टेम्पोत."

"मी संचालक हाय, नाना!"

"संचालकाला काळीज नसतंय व्हय? आदी पट्टी, मग चेष्टा."

दवाखान्यात सदरा काढताना कागद खाली पडला. नानानं उचलला, क्षणभर बघितला आणि माझ्या खिशात परत ठेवला. पट्टी चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले, "भजी आणि तंबाखू सोडा, रोज तासभर चाला. आणि या नानांना हसू नका. हार्टचे पेशंट आता खेड्यातूनही येतात, फक्त उशिरा येतात." नानानं ठरल्याप्रमाणे चहा पाजला.

दूध पोचवून येताना तो समोर बघतच म्हणाला, "कागद वाचला मी. चेअरमनला सांगा, गोरख ऐकायचा न्हाई."

"पण कावून, नाना? नोकरी जाईल की."

"आमची कारभारीण, सखू गेली, तुमाला ठावं हाय. झोपंत गेली म्हणतात लोक. झोपंत न्हाई गेली, आप्पा. सकाळी म्हणली, छातीत जळजळतंय. मी म्हणलो, पित्त हाय, सोडा घे. दुधाची येळ झाल्ती. दूध घालून आलो, तर भाकरी टोपल्यात, वर फडकं झाकलेलं, अन् ही चुलीपाशी आडवी. सा भाकरी थापल्या व्हत्या तिनं. दुखत असताना सा भाकरी." त्यानं गिअर बदलला. "कुणाचं पित्त निघालं की बरं वाटतंय बघा. तिचंबी तेच निघायला पायजे होतं."

सोडा माझ्याच दुकानातला असणार. इतकी वर्षं या माणसाला मी येडा म्हणत आलो होतो. मी कागद काढला आणि त्याच्यादेखत फाडला.

नानानं मला दारात सोडलं. आत सुमन चुलीपुढे बसली होती. परातीत पीठ मळलेलं, तवा तापलेला, एक हात छातीवर. कपाळ घामानं भिजलेलं.

"काय होतंय गं?"

"काय न्हाई. पित्त. सोडा द्या जरा."

माझा हात सवयीनं डब्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मी दाराकडे पळालो. "नाना! थांबा!"

नाना आत आला. त्यानं एकदा सुमनकडे बघितलं. "वहिनी, चला."

"अशी कशी येऊ, भावजी? तवा तापलाय. चार भाकरी टाकते, मग जाऊ."

सकाळी टँकरवरून आणलेल्या घागरीतून नानानं तांब्या भरला आणि अख्खा चुलीत ओतला. धूर झाला. सुमन बघतच राहिली. त्या उन्हाळ्यात असं पाणी कुणी ओतलं नव्हतं, नानानं तर नाहीच नाही. पिठाच्या हातानंच ती टेम्पोत बसली.

त्या दिवशीची पट्टी चांगली निघाली नाही. पण वेळेत निघाली. आष्टीतून तिला नगरला हलवलं, आणि चौथ्या दिवशी तिला बोलता येऊ लागलं. पहिलं वाक्य काय, तर "तेवढं मळलेलं पीठ वाया गेलं असंल."

पायाशी नाना उभा होता. त्यानं पिशवीतून फडकं काढून सोडलं. आत वाकड्यातिकड्या, कडेला करपलेल्या भाकरी होत्या.

"वाया न्हाई गेलं, वहिनी," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमाला सोडून गावाकडं गेलतो, तवाच त्या पिठाच्या थापायला शिकलो. तवाधरनं आप्पाला रोज मीच आणतोय."