शंभर टक्क्यांत एक बाई कमी

एकसष्ट साली चिखली तालुक्यातलं एक गाव शंभर टक्के साक्षर व्हायला फक्त एक बाई कमी पडत होती.

तिचं नाव मनकर्णाबाई. जात्यात पहिला घास पडला की तिच्या तोंडून ओवी निघायची. दळण संपायचं, ओवी संपत नसे. दुपारच्या प्रौढवर्गात चार महिने बसून तिने अक्षरं गिरवली. कारण साधं होतं. गाव साक्षर ठरलं तरच शाळेला पाचवीचा वर्ग मिळणार होता, आणि तिची कोकिळा चौथीला होती. पाचवी नाही म्हणजे पोरीच्या हाती खुरपं.

परीक्षक नारायणराव आले. मनकर्णाबाईच्या नवऱ्याने, पुंजाजीने, पुस्तक उलटं धरून धडा घडाघडा म्हटला. 'उच्चार स्पष्ट' असा शेरा मिळाला. मनकर्णाबाईने पुस्तक सुलटं धरलं आणि बोट ठेवत वाचलं, "बाबा शेतात राबतात. आई घरी बसते."

ती थांबली.

"पुढे वाचा, बाई."

"सायेब, हे खोटं हाय. निंदण म्या केलं, कापूस म्या वेचला. हे तं पारावर बसेल असतात."

वर्ग हसला. पुंजाजीही हसला; हे आपल्याबद्दल आहे, हे त्याला उशिरा कळलं.

नारायणरावांनी तक्ता पाहिला. रकाने दोनच: 'वाचता येते' आणि 'वाचता येत नाही'. वाचून बोलणाऱ्यांसाठी तरतूद नव्हती. त्यांनी न्यायबुद्धीने विचार केला. धडा छापील आहे, अर्थात खरा आहे. ज्या बाईला तो खोटा वाटला, तिला तो वाचताच आलेला नाही. खूण दुसऱ्या रकान्यात पडली.

संध्याकाळी सरपंच जानराव दारात उभे.

"वयनी, एका वाक्यापायी सारं गाव अडानी ठेवता काय? वाचून गप काऊन राह्यत नाही?"

"वाचाले येते मले, भाऊजी. गप राहाले कोन शिकवते?"

"अवं, तेच तं शिकवून राह्यलो!"

भगवानराव मास्तरांनी मग आठ दिवस खास वर्ग घेतला. अक्षरं नव्हतीच, फक्त पूर्णविराम. तो आला की ओठ मिटायचे. घरीही सराव करावा, अशी सूचना होती. आठव्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच ओवीवाचून दळण झालं. प्रगती समाधानकारक असल्याचं मास्तरांनी वर कळवलं.

फेरपरीक्षेला कोकिळा दाराशी उभी होती. मनकर्णाबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, वाचलं, "आई घरी बसते," आणि ओठ मिटले. गाव साक्षर झालं. सत्काराला ती तेवढी उशिरा पोचली. कापूस वेचायचा राहिला होता.

पाचवी उघडली. पहिल्याच आठवड्यात कोकिळा ओसरीवर मोठ्याने वाचत बसली, "आमच्या गावात सर्व लोक सुखी आहेत."

भाकरी थापता थापता मनकर्णाबाईचा हात थबकला. "हे खरं हाय काय व, कोकिळे?"

"माय, असं इचारू नोको," कोकिळा समजुतीने म्हणाली. "मार्क जातात."

आपले कधी गेले नसावेत, वाचकहो. सबंध गोष्ट कशी निमूट वाचलीत!