मिशीवाल्याची मिशी

नववीतली मुलगी बाथरूममधून बाहेर आली, तेव्हा तिच्या कपाळावरचे केस डावीकडून उजवीकडे चढत गेले होते. तिने स्वतःच कापले होते. जेवायला बसलेल्या बाबांचा घास हातातच राहिला. बाबांचं केशकर्तनालय होतं.

“कसे झालेत?” तिने विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं आणि टेबलाखालून आईची लाथ बसली. या वयात मुलांना नावं ठेवली की ती मनातून खचतात, असं आईने पालकसभेत ऐकलं होतं. तेव्हापासून घरात टीकेला बंदी होती.

“छान!” बाबा म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि आत जाऊन आणखी कापले.

“आता?”

“फारच छान!”

ती पुन्हा आत गेली. परत आली तेव्हा कपाळावर दात घासायच्या ब्रशाएवढेच केस उरले होते.

“सुरेख,” बाबा म्हणाले.

“एवढं जमतंय, तर तुझी मिशी कोरू?”

ही मिशी म्हणजे दुकानाची पाटी होती. लोक ‘मिशीवाल्याकडे जाऊन येतो’ असंच म्हणत. बाबांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती मन लावून ताटाकडे बघत होती. आता नाही म्हणावं, तर मघाचं सगळं खोटं ठरणार.

“कोर की,” बाबा म्हणाले आणि डोळे मिटले.

उजवी बाजू जरा जास्त गेली, म्हणून डावी कमी केली. मग डावी जास्त गेली. असं करत करत मिशी संपली.

दुसऱ्या दिवशी जो तो दुकानात डोकावून विचारू लागला, “मालक कुठे गेलेत?”

“मीच तो! मुलीने कोरली,” बाबा सांगत होते. “छान हात आहे तिचा.”

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा मुलगी दारात उभी होती. डोक्याला रुमाल, डोळ्यांत पाणी.

“वाकडे झालेत हे मला दिसत होतं, बाबा. म्हणून तर परत परत विचारत होते. निदान मिशीला तरी तू ‘थांब’ म्हणशील असं वाटलं. तूच खरं सांगत नाहीस, तर मी विचारू कुणाला?”

बाबांना फार वाईट वाटलं.

“भयंकर झालेत,” ते म्हणाले. “ओले असताना कापलेस. ओले केस वाळले की वर चढतात. आणि मिशीबद्दल तर बोलूच नकोस!”

मुलगी रडता रडता हसली. बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि उरलेल्या केसांना जमेल तेवढी सरळ रेघ आणली. मग सवयीने विचारलं, “कसे झालेत?”

“छान!”

बाबांनी आरशात तिच्याकडे निरखून पाहिलं. “खरं सांग हं.”

“डावीकडे अजून थोडे लांब आहेत.”

बाबांनी वाकून पाहिलं. होते खरे.

“नजर चांगली आहे तुझी,” ते म्हणाले. या वेळी कुणी लाथ मारली नव्हती.