आत कोणी राहिलंय का?

आमचे डॉक्टर दाढांशी बोलतात. पेशंट आ वासून पडलेला असतो, कीड कोरून झालेली असते, आणि हे त्या भोकात वाकून खड्या आवाजात विचारतात, "कोणी राहिलंय का आत?"

नवीन पेशंट दचकतो. लहान मुलं खुदकन हसतात. मी एकोणीस वर्षं शेजारी ट्रे धरून उभी आहे, मला आता काही वाटत नाही.

मी सुनंदा. माहेर जालन्याकडचं. लग्न होऊन जोगेश्वरीला आले आणि डॉक्टर सबनीसांच्या दवाखान्यात दोन महिन्यांसाठी म्हणून लागले, ती चिकटलेच. जाते कुठे? असा तऱ्हेवाईक माणूस सांभाळायला दुसरी कोण मिळणार त्यांना!

त्यांचं वेड एकच. दाढेतली कीड काढली, पाण्याने धुतलं, की भरून टाकायचं असं त्यांच्याकडे नाही. आधी औषधात भिजवलेला कापसाचा बोळा त्या खड्ड्यात ठेवायचा, जंतू मरायला. तो ठेवला की ट्रेवरचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं. वाळू खाली उतरायला बरोब्बर एक मिनिट लागतं. त्या मिनिटात दवाखान्यात कोणी बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. बाहेर बाकावरच्यांनीही गप्प बसायचं. एका गृहस्थांनी "डॉक्टर, घाई आहे हो, पटकन सिमेंट भरून टाका" म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "चोर घरात ठेवून बाहेरून कडी लावू? तुम्ही लावता का घरी?" आणि बोळा ठेवला. तोंडात बोळा असताना बोलणार तरी काय म्हणा.

वर्सोव्याहून एक कोळीण मावशी यायच्या, आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायचा. त्यांनाही डॉक्टरांनी मिनिटभर गप्प बसवलं. उठल्यावर मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "याला माझ्याकडे कोळंबी साफ करायला पाठव गं. पाठीतला एक काळा धागा राहायचा नाही!" डॉक्टरांनी हे आयुष्यातलं सर्वांत मोठं सर्टिफिकेट मानलं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

हे वेड दवाखान्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण हा माणूस डब्याचं झाकण लावायच्या आधीही आत डोकावून बघतो. आणि संध्याकाळी दवाखाना बंद करताना शटर अर्धं ओढून रिकाम्या दवाखान्यात ओरडतो, "आत कोणी राहिलंय का?"

हे मात्र पूर्वी रिकाम्या दवाखान्याला विचारलेलं नसायचं. डॉक्टरांना एकच मुलगी, मुक्ता; ती लहान असतानाच तिची आई गेली. शाळा सुटली की मुक्ता दवाखान्यात यायची, आतल्या खोलीत स्टुलावर बसून अभ्यास करायची. बंद करायच्या वेळी मुद्दाम पडद्यामागे लपायची. डॉक्टरांनी हाक मारली की दप्तरासकट बाहेर उडी, "मी राहिले!" डॉक्टर रोज दचकल्यासारखं करायचे. रोज. मी सांगते ना, एक दिवस चुकलं नाही.

पोरगी मोठी झाली, दातांचीच डॉक्टर झाली, बापाच्याच दवाखान्यात उभी राहिली. काय मिरवायचे! आणि सहा महिन्यांत यांनी स्वतःच सगळ्याची वाट लावली.

झालं असं. एका रिटायर्ड मास्तरांची दाढ मुक्ताने भरली. डॉक्टर बाहेरून आले आणि त्यांची नजर थेट घड्याळावर. सकाळी मी पुसून ठेवलं होतं तसंच, जागचं हललेलं नव्हतं.

"घड्याळ फिरवलं नाहीस."

"मी थांबले होते, बाबा."

"घड्याळ फिरवलं नाहीस."

आणि मास्तर रुमालाने तोंड पुसत होते, त्यांना पुन्हा खुर्चीत झोपवलं. पोरीने नुकतंच भरलेलं सगळं मशीन लावून काढलं. पेशंटसमोर! मी दिवा धरला होता. आत काय निघालं? काही नाही. घासलेल्या वाटीसारखी लख्ख दाढ. डॉक्टरांनी बघितली. त्यांनी बघितलं हे मी बघितलं. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द बोलले असते तर संपलं असतं. पण नाही. मुकाट्याने दाढ परत भरली. तोवर मुक्ताने ॲप्रन काढून खुंटीला लावला होता.

चार वर्षं झाली त्याला. तिने मुलुंडला स्वतःचा दवाखाना टाकला. दिवाळीला फोन येतो, तब्येत विचारते, ठेवते. असा राग येतो ना मला, दोघांचाही! ॲप्रन अजून त्याच खुंटीवर आहे. मी धुवायला काढला तर डॉक्टर म्हणाले, "राहू दे." आणि संध्याकाळची हाकही अजून आहे. हाक मारतात, शटरला हात लावून थोडे थांबतात, मग ओढतात. मी तेवढ्यात पर्समध्ये उगाच काहीतरी शोधते.

तर या वर्षी गंमत अशी झाली की दाताच्या डॉक्टरांचीच दाढ किडली.

आधी कबूल करेनात. मग मी पाहिलं, जेवण एकाच बाजूने. मग खिशात लवंगा. शेवटी गाल धरून बसले, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंटला तुम्ही काय सांगता? आज भरली नाही तर उद्या उपटावी लागेल."

"भरून कोण देणार? हल्ली मिनिटभर कोणी थांबत नाही, सुनंदाबाई."

"एक जण थांबते. मुलुंडला."

डॉक्टरांनी गालावरचा हात दुसऱ्या हाताने बदलला. नाही म्हणाले नाहीत, हे मी पकडलं आणि तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून मुक्ता म्हणाली, "मावशी, त्यांना सांग, अपॉइंटमेंटशिवाय मी कोणाला बघत नाही. गुरुवारी पाच वाजता." बापाचीच पोर!

गुरुवारी डॉक्टर वेळेच्या आधीच रिक्षात बसले. नवा शर्ट घातला होता आणि खिशात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी विचारलं नाही.

मुक्ताने इतर पेशंटना बसवतात तसंच बसवलं. "आ कर." इंजेक्शन दिलं, कीड काढली, धुतलं. तिचा हात बघत होते मी. अगदी डॉक्टरांचा हात, तसाच हलका. मग तिने औषधाचा बोळा ठेवला.

डॉक्टरांचे डोळे भिरभिरायला लागले. ट्रेवर घड्याळ नव्हतं. त्यांनी चाचपत खिशातला रुमाल काढला. आत तेच, आमचं वाळूचं घड्याळ.

मुक्ताने त्यांचा हात हळूच खाली दाबला. "ठेव ते, बाबा. मी मोजतेय. मनात मोजते मी. मास्तरांच्या वेळीसुद्धा मोजलं होतं, साठपर्यंत."

डॉक्टरांना बोलताच येत नव्हतं. वरच्या दिव्याच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांतून कानाकडे पाणी गेलं. मुक्ताने ते गॉझने टिपलं आणि मोजणं चालू ठेवलं.

दाढ भरून झाली. डॉक्टर उठून बसले. अर्धा ओठ बधिर, शब्द जड.

"मास्तरांची दाढ स्वच्छ होती गं. मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली."

"चार वर्षं?"

"वाढत गेली."

मुक्ता हातमोजे काढत होती. ते कधी नव्हे ते निघेचनात. "चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले. ती मान खाली घालून म्हणाली, "माझंही. मी यायला हवं होतं." मग एकदम डॉक्टरीण होऊन म्हणाली, "बधिरपणा जाईपर्यंत गरम काही प्यायचं नाही, खायचं नाही. दोन-तीन तास तरी."

"मग तेवढा वेळ इथेच बसतो," डॉक्टर म्हणाले. आतल्या खोलीत स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. बघा, मिनिट मिनिट मोजणारा माणूस!

मुक्ताचे अजून तीन पेशंट होते, ते झाले. दिवेलागण झाली. मी बाहेर पायरीवर चपला घालत होते. मुक्ताने आतले दिवे बंद केले, शटर अर्धं ओढलं, आणि मग वाकून आतल्या अंधाराकडे तोंड केलं.

"आत कोणी राहिलंय का?"

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. आणि मग अर्ध्याच ओठाने, पण केवढ्याने तरी:

"मी राहिलो!"

मुक्ता दचकली. अगदी ठरवून दचकली.