उडत्या तुकड्यांचं गाऱ्हाणं

सगळा गाव उंदीर मारतो. आमच्या शेजारचे दाजी मास्तर उंदीर पाळत. पांढरे, लाल डोळ्यांचे. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते कोल्हापूरहून बिस्किटांच्या डब्यातून आणले आणि ओटीवर जाळीच्या पेटीत ठेवले. माझ्या सासूबाई कुंपणावरून सांगत, "मास्तरांनू, आमच्या कोठीत औषध घातलंला आसा. तुमच्या पावण्यांका सांगून ठेवा."

"सांगतंय," मास्तर गंभीरपणे म्हणत.

त्यांच्या अंगणात मिरचीच्या जागी मका. येईल त्याला कणीस सोलून दाखवत. पिवळ्या दाण्यांवर जांभळे ठिपके असत. "बियाणात जा लिवलेला आसता ना, त्येतले काय तुकडे एका जाग्यार रवनत नाय. उठतत नि दुसरीकडे जावन बसतत. म्हणान हे ठिपके." हे त्यांनी पोस्टाने उशिरा येणाऱ्या परदेशी मासिकात वाचलं होतं. तसलेच तुकडे उंदरात, गाईत, माणसातही असतात म्हणे, आणि पुष्कळ विद्वान त्यांना नुसता कचरा समजतात. याचा मास्तरांना फार राग.

"कचरो म्हणू नकात. काम आपणाक समाजला नाय, म्हणान कचरो?"

हे ते इतक्यांदा बोलत की चुलीत नारळाची सोडणं घालतानाही मी आधी त्यांच्या ओटीकडे बघून घेई.

पोटातला जीव मोहरीहूनही लहान असतो, तेव्हा हे तुकडे जागे होतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. कशासाठी जागे होतात, ते शोधायला उंदीर. हायस्कुलाने मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक घेऊन ते सकाळी ओटीवर बसत आणि काकी, त्यांची बायको, आरशाने काचेवर ऊन पाडत.

"दिसला?" काकी विचारत.

"नाय. उद्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काकींचा हात कधी दुखला नाही. त्यांना मूल नव्हतं. त्या देवळात येत नसत. "माका गर्दी सोसना नाय" म्हणत.

मी चौथी शिकलेली, त्यात लाजरी. मास्तर सांगत, मी पदराआडून मान हलवत असे. पण दुसऱ्यांदा माझं पोट पहिल्याच महिन्यांत रिकामं झालं आणि सासूबाईंनी ठरवलं, की देवळात गाऱ्हाणं घालायचं, मग देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावायचा. देवीने माझा दोष दाखवला तर मला शिरोड्याला माहेरी धाडायचं आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं. माझे यजमान गाऱ्हाण्याचा नारळ सोलायला बसले.

आमच्याकडे मानकरी देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं सांगतो आणि प्रत्येक बोलामागे जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जिभेला लहानपणापासूनच वळण. बोल संपला की तोंडातून आपोआप येतं. एकदा आलं की देवासमोरचं ते, मागे घेता येत नाही. मान मास्तरांच्या घराचा होता, पण गेली कित्येक वर्षं ते उभे राहत नसत. चुलत भावाला पुढे करत.

त्या दिवशी मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले. भावाला म्हणाले, "बाजूक हो. आज मी." हातात नारळ घेतला आणि वर्गात शिकवत त्याच आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या पोटात जीव इलो नि सुरवातीकच मोडलो."

"व्हय म्हाराजा."

"जीव रायेच्या दाण्याहून बारीक आसतानाच त्येच्यात उडते तुकडे जागे होतत."

"व्हय म्हाराजा." उडते तुकडे म्हणजे काय, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

"जीव कित्या मोडलो, ता माका अजून गावला नाय. हयसर कोणाकच ठावक नाय."

"व्हय म्हाराजा."

"म्हणान दोष ह्या चेडवाचो नाय. तिच्या पायगुणाचो नाय, तिच्या कुळाचो नाय."

"व्हय म्हाराजा."

"तिका खंय धाडूची नाय."

"व्हय म्हाराजा."

सासूबाईंनी झटकन तोंडावर हात ठेवला. "मी म्हटलंय नाय."

"म्हटलास गो," शेजारच्या आबाची आई म्हणाली. "माझ्या कानातच वराडलास."

गुरव कौलाच्या पाकळ्या घेऊन ताटकळला होता. मास्तर त्याला म्हणाले, "ठेव त्यो. इचारूचा काय उरला?"

लोक उठायला लागले. पण मास्तर देवीसमोरून हलले नाहीत. आवाज मात्र एकदम खाली आला.

"आणि म्हाराजा, माझ्या घरकारणीवर हयसरच असाच गाऱ्हाणा घातला होता. दोष तिचोच म्हणून सांगल्यानी. तेव्हा ह्या लोकांवांगडा मी पण व्हय म्हटलंय. ता मी परत घेतंय."

कुणाचीच जीभ हलली नाही. इतक्या वर्षांचं वळण, पण त्या बोलामागे देवळात कुणाला काही म्हणता येईना.

मग बाहेरून, दीपमाळेच्या बाजूने, एकटाच आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

काकी होत्या. एक पाय देवळाच्या पायरीवर ठेवून उभ्या. मास्तर वळून बघत राहिले. नारळ फोडायचा राहून गेला, तो त्यांच्या हातातच होता.