पथ्यावरचा पाळणा

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या छोट्या राममंदिरात रामनवमीच्या दुपारी पाळणा म्हणायचा मान सुनंदाबाईंचा होता. होता म्हणजे, गेल्या वर्षीपर्यंत. गेल्या वर्षी रामाला पाळण्यात ठेवलं, सगळं देऊळ शांत झालं आणि सुनंदाबाईंनी माइकवर अशा काही शिंकल्या की दोरी ओढणाऱ्या बाईंनी दचकून दोरीच सोडली. माइक अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या मधुवंतीकडे गेला. मंडळाच्या अध्यक्ष कुमुदिनीताई नंतर गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या साली एक चान्स देऊ, सुनंदा. नाही जमलं, तर मग मधुवंतीच परमनंट."

ते वाक्य बाईंच्या काळजाला लागलं. त्या वर्षभर ओट्याशी उभ्या राहून पाळणा घोटत होत्या. पण चैत्र आला, दारातला कडुनिंब फुलला आणि नाक सुरू झालं.

डॉक्टर अनुश्री तशी भली मुलगी. म्हणाली, "काकू, रात्री ही गोळी घ्या. कच्चं फळ खाऊन घशात खाज येत असेल, तर तेवढं या दिवसांत सोडा. बाकी सब खाओ."

सुनंदाबाईंचे यजमान गोपीनाथराव शेजारीच बसले होते. त्यांनी त्यातलं 'सोडा' तेवढं ऐकलं. घरी येताच दही बंद, दूध बंद, काकडी बंद, बेसन बंद, पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसालाही बंद, जलेबी तर विचारूच नका. इंदुरात बेसन आणि साखर बंद केल्यावर माणसाने खायचं काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

"अहो, शेवेने शिंका येतात हे कोणी सांगितलं?"

"आपल्या भाच्याने, रजतने फॉरवर्ड पाठवलंय. त्याचा ॲलर्जीवर पूरा अभ्यास आहे. त्याला स्वतःला आहे ना!"

"मग त्याची बरी झाली का?"

"नाही. पण अभ्यास चालू आहे."

उकडलेला दुधी आणि मुगाचं पाणी सुरू झालं. "मी पण तुझ्याबरोबर तेच खाणार," असं गोपीनाथराव म्हणाले खरे, पण सकाळी फिरून आले की त्यांच्या मिशीला पिवळं काहीतरी लागलेलं असे. बाईंनी विचारलं, तर म्हणत, "पोलन आहे, फुलांचे पराग! हवेतच किती आहे बघ!"

अर्धं पोट आणि वर ती गोळी. सुनंदाबाई दुपारच्या खिडकीशी बसल्या की डोळे आपोआप मिटत. मग स्वप्नात त्या नदीकाठच्या राजघराण्याच्या समाध्यांपाशी, कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांपाशी हिंडत असत. छत्र्यांचे घुमट हळूहळू कचोरीसारखे फुगत, नदीतून पाक वाहत असे, आणि आकाशातून बारीक शेव पडत राही. कोणी नको म्हणत नसे. जाग आली की बाईंना रडूच येई. नाक मात्र खरंच गप्प झालं होतं. गोपीनाथराव कॉलनीभर सांगत सुटले, "देखो भिया, पथ्याची कमाल!"

रामनवमी उजाडली. आज तर उपासच. त्यातून मेली शिंक येईल या धास्तीने बाईंनी सकाळीही एक गोळी घेऊन टाकली. दुपारी माइक हातात आला तेव्हा देऊळ त्यांना पाण्यातल्यासारखं हलताना दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. पहिली दोन कडवी सुरेख झाली. तिसऱ्या कडव्याला त्या पुन्हा छत्र्यांपाशी पोचल्या आणि पाळण्यातून सरळ कौसल्येच्या डोहाळ्यांत शिरल्या:

"पहिल्या मासी कौसल्या रुसे,
पोह्यांवरती जीरावन दिसे!
दुसऱ्या मासी डोळा मिटे,
जलेबीसाठी जीव तुटे!"

गोपीनाथरावांनी कपाळाला हात लावला. बाई थांबेनात. नवव्या मासापर्यंत दहीवडे, कचोरी, खव्याची मावाबाटी सगळं येऊन गेलं, आणि आवाजात अशी काही आर्तता की बायका पदराने डोळे पुसू लागल्या. सगळेच सकाळपासून उपाशी. आरती संपते न संपते तोच सुंठवड्याचं ताट साफ झालं आणि अर्धं देऊळ कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धावलं. जन्म झाला की उपास सोडायचा, ही तिथली रीतच होती.

कुमुदिनीताईंनी येऊन बाईंना मिठीच मारली. "सुनंदा! शिंक नाही की काही नाही! काय गायलीस ग! पाळणा आता कायमचा तुझा!"

सुनंदाबाईंचं मन भरून आलं. वर्षभर याच शब्दांची वाट पाहिली होती त्यांनी.

"फक्त पथ्य हेच ठेव हं, दर साली," ताई पुढे म्हणाल्या. "उपाशी पोटाशिवाय असा आवाज निघत नाही."

"एक महिना आधीपासून ठेवू!" गोपीनाथराव म्हणाले.

सुनंदाबाईंनी माइककडे पाहिलं. मग दुकानातून कोणीतरी आणलेल्या गरम कचोरीकडे पाहिलं. त्यांनी माइक शांतपणे मधुवंतीच्या हातात दिला आणि कचोरी उचलली.

"घे बाई, तूच परमनंट."

मधुवंतीने झटक्यात माइक परत त्यांच्या दुसऱ्या हातात दिला.

"नको हो काकू! माझ्या घरी उद्या श्रीखंड आहे."