वैजनाथअप्पांची न लागलेली पाटी

परळी रस्त्याला लागून असलेल्या वैजनाथअप्पांच्या शेडवरील पाटी चार बोटे जाड आहे. धंदा बदलला की जुनी पाटी उतरवावी, हा सर्वत्र रूढ असलेला रिवाज अप्पांना मान्य नाही. ते जुन्या पाटीवरच नवी पाटी ठोकतात. सर्वांत खाली करडईच्या तेलाची गिरणी आहे, सर्वांत वर थंड पाण्याचे जार आहेत आणि मधे सहा धंदे एकमेकांच्या अंगावर खिळलेले आहेत. गंगाखेडात नवा आलेला माणूस वरची पाटी वाचून आत जातो. जुना माणूस बाजूला उभा राहून तिची जाडी पाहतो.

पाट्या नऊ आहेत, असे सांगणारे लोक गावात आहेत. पाट्या आठ आहेत. मी शिडीवर चढून मोजल्या आहेत, आणि ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी शिडी अजून तेथेच आहे.

हे मी अधिकाराने लिहितो. बँकेच्या कर्ज विभागात लिपिक म्हणून मी उभी हयात घालवली. अप्पांची पहिली फाइल माझ्या टेबलावरून गेली आणि माझ्या निवृत्तीनंतर त्यांचे अर्ज मी माझ्या हस्ताक्षरात लिहून दिले. केशकर्तनालयात बसून अप्पांचे चरित्र सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या फायलींचा पुठ्ठा उघडलेला नाही. नववी पाटी का लागली नाही, याविषयी या मंडळींत तीन मते प्रचलित आहेत. एक, बँकेने अप्पांना नाकारले. दोन, अप्पा वयाला भ्याले. तीन, पुण्याच्या मुलांनी त्यांना अडवले. तिन्ही मते खोटी आहेत. ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी अप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो.

परंतु आधी अप्पांचा स्वभाव सांगितला पाहिजे. शुभ्र धोतर, काळी टोपी आणि कपाळावर भस्माचे पट्टे अशा वेषातील हा गृहस्थ पंचांग पाहत नाही. बँकेची भिंत पाहतो. नवा शाखाधिकारी रुजू झाला की दुसऱ्या दिवशी अप्पा नारळ घेऊन हजर होतात. समोरच्या बाकावर बसतात आणि भिंतीवरील जाहिराती वाचतात. कोणती योजना दर्शनी भागी आली, कोणती कोपऱ्यात गेली, कोणत्या चित्राचा रंग उडाला तरी ते बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही, हे सर्व टिपून झाले की साहेबांच्या दाराशी उभे राहून त्यांचा ठरलेला प्रश्न येतो.

"सायेब, सध्या कशावर मर्जी हाय?"

एका तापट साहेबांनी त्यांना सुनावले होते, "अहो, तुम्हाला कोणता धंदा येतो ते सांगा ना!"

"मला समदे येतेत. तुमाला कोन्ता देता येतंय, त्ये सांगा."

यावरून अप्पा चंचल आहेत, असा निष्कर्ष आमच्याच बँकेतील काही सहकाऱ्यांनी काढला होता. चंचल अप्पा नव्हते, बँक होती. आणि हे मी तिचेच निवृत्तिवेतन घेत असताना लिहितो आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तेलगिरण्या आणि कापसाचे जिनिंग यांच्या फायलींना साहेब स्वतः उठून सामोरे जात. पुढे बाहेरचे स्वस्त तेल आले, गिरण्या थंडावल्या आणि वरून पत्र आले की हा उद्योग आजारी समजावा. त्या दिवसापासून करडईचे नाव काढले की साहेबांना चहाची आठवण होई. मग सिमेंटच्या पाइपांचे दिवस आले, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे, मग ठिबकच्या नळ्यांचे. त्यानंतर काही तयार करणाऱ्यांचा मान गेला आणि सेवा देणाऱ्यांना तो मिळाला. आता तर धंद्यापेक्षा तारण ठेवलेल्या दागिन्यावर बँकेचा विश्वास अधिक आहे. प्रत्येक वळणावर आमचे गिरणीवाले कपाळाला हात लावून बसले. अप्पांनी हातोडी हाती घेतली.

त्यांनी बँकेला गंडवले, असेही म्हटले जाते. आठही कर्जे फिटली आहेत. आठही बेबाकी प्रमाणपत्रे मी वाचली आहेत आणि त्यांपैकी काही तर मीच टंकलिखित केली आहेत. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने सकाळी यावे. दुपारी मी विश्रांती घेतो.

आठही धंद्यांत दोनच गोष्टी कायम राहिल्या: शेडचे पत्रे आणि तेलगिरणीवरची पाच माणसे. तेल पिळणारा एक्सपेलर चालवणारा मारोती, तेल गाळणारे गफूरभाई आणि आणखी तिघे. गिरणी बंद झाली त्या दिवशी या पाचांना कोणी घरी जा म्हटले नाही आणि ते गेलेही नाहीत. मात्र बँकेच्या लहरीपायी त्यांना विलक्षण भूमिका वठवाव्या लागल्या. सेवा उद्योगांवर मर्जी असताना अप्पांनी त्या शेडमध्ये संगणक प्रशिक्षण वर्ग काढला होता. परभणीहून तपासणीला आलेले अधिकारी आत शिरले, तो दहा संगणक आणि पाच पहिलवान.

"अप्पा, यांचे येथे काय काम?"

"लाइट गेली की मारोती जनरेटर लावतोय."

"आणि हे?"

"लाइट गेली म्हनून गफूरभाई त्येला आवाज देतेत. ह्यो तिसरा दारात. लेकीबाळी शिकायला येतेत, वयस्कर मानूस नगं का? चौथा धूळ झाडतोय. कंपुटरला धूळ चालत न्हाई म्हनतेत."

"आणि पाचवा?"

अप्पांनी अधिकाऱ्यांच्या पायांकडे पाहिले. "आत चपला चालत न्हाईत. त्यो चपला बघतोय."

अधिकाऱ्यांनी हसत हसत पायातले बूट काढले आणि पाचव्याच्या स्वाधीन केले. तपासणी अहवालात 'कर्मचारीवर्ग पुरेसा' असा शेरा आहे. शेरा मी स्वतः वाचला आहे.

आता नवव्या पाटीकडे येतो. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली पाण्याचे जार झाले आणि अप्पांची विक्री मंदावली. तेवढ्यात नव्या शाखाधिकारी मॅडम आल्या. वयाने अप्पांच्या नातीएवढ्या, बोलण्यात अत्यंत अदब. अप्पा नारळ घेऊन गेले. भिंतीवर डाळच डाळ होती. मी तेथेच बाकावर बसून डाळीचा अर्ज लिहून दिला आणि आम्ही दोघे आत गेलो. मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर प्रत्येक उद्योगापुढे एक रंग होता. पाण्याच्या जारांपुढे लाल, डाळ प्रक्रियेपुढे हिरवा. कॅमेऱ्याने खराब दाणा ओळखून तो फुंकरीने उडवणारे यंत्र घ्यावे, असे त्यांनी सुचवले.

"अप्पा, तुमचे जुने रेकॉर्ड इतके स्वच्छ आहे की मंजुरीला वेळच लागणार नाही. फक्त एक दुरुस्ती करू या. तुम्ही कामगार पाच लिहिलेत. या यंत्राला दोन पुरतात. पाच पगार धरले तर प्रकल्प अहवालाचा हिशेबच बसत नाही."

अर्ज मी लिहिलेला होता. त्यात चूक असल्याचे कोणी सांगितले की मला राग येतो. पण ती मुलगी खरे बोलत होती. अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"एक दारात धरा."

"दारात कॅमेरा असतो, अप्पा."

"एक जन पोती उचलायला?"

"पट्टा आहे. पोते आपोआप जाते."

"दान्याला हात लावून बगायला तर मानूस लागंल का न्हाई? मिशीनला काय कळतंय, त्यो दाना किडका हाय का नुस्ता काळा?"

"तेच तर तिला कळते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडे वाईट वाटल्याची छटा होती.

मी अप्पांच्या कानाशी लागून सांगितले की अर्जात दोन लिहावेत आणि शेडमध्ये पाच ठेवावेत; बँकेत अशा तडजोडी मी पाहिलेल्या आहेत. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आन् हप्ता कशातून भरू? त्येंच्या पगारातून?" मग पडद्यावरील हिरव्या रंगाकडे त्यांनी एकदा पाहिले. अखेर त्यांनी माझा अर्ज उचलला, त्याची व्यवस्थित घडी केली आणि कोपरीच्या खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या मग. तुमी लय चांगल्या हाव, माय. नारळ मातर फोडा."

हा खरा वृत्तान्त. बँकेने अप्पांना नाकारले नाही. अप्पांनी बँकेला नाकारले. मी पायऱ्या उतरतानाच ठरवले होते की ही गोष्ट गावाला ठणकावून सांगायची. परंतु शेवटच्या पायरीवर अप्पांनी माझा दंड धरला.

"भाऊसाहेब, मंजूर व्हायलं होतं म्हनून कुनाला बोलू नका. नामंजूर झालं म्हना."

"मी खोटे का बोलू? त्यात तुमचीच बेअब्रू आहे!"

"होऊ द्या. त्या पाचांला खरं कळलं तर त्ये आपल्या पायानं घरी जातेल. आमच्यापायी मालकाचा धंदा बुडाला म्हनतेल." अप्पांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. "आन् मंग दुपारी मी कोनासंगं जेवू?"

अप्पांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली. मुले पुण्यात सुखी आहेत आणि सणाला फोन करतात. मी वादात कधी माघार घेतलेली नाही. त्या पायरीवर मात्र घेतली, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

चार दिवसांनी गफूरभाई माझ्या घरी जार पोचवायला आले. जार ठेवून ते उंबऱ्यातच घुटमळले.

"भाऊसाब, एक बात है. बँकेचा शिपाई हमारे गल्लीका है. हमना सब मालूम है. पाचोंकू."

"मग?"

"मग कुछ नै. अप्पाकू मत बोलो. उनकू लगने दो, हमना मालूम नै."

त्यांनी एवढ्यावरच भागवले नव्हते. मारोतीने सोनपेठच्या आठवडी बाजारातील हॉटेलवाले गाठले होते, दुसऱ्या दोघांनी मंगल कार्यालये पालथी घातली होती, आणि लग्नसराईपुरती तरी जारांची मागणी पक्की झाली होती. त्यांपैकी कोणीही अप्पांना सांगून हे केले नव्हते.

हे छापून आल्यावर दोन्हीकडचे गुपित फुटेल, अशी शंका कोणी काढील. तिला माझे उत्तर असे की अप्पा बँकेच्या भिंतीखेरीज काही वाचत नाहीत, आणि उरलेल्या पाचांना यात नवे काही नाही.

मध्यंतरी दुपारी मी शेडवर गेलो. जारांच्या आडोशाला सतरंजीवर सहा जण जेवायला बसले होते. ज्वारीच्या भाकरी, डाळ, ठेचा, फोडलेला कांदा. मलाही जागा करून दिली गेली. पाचही जण अप्पांचे सांत्वन करत होते.

"बँकवाल्यांला काय कळतंय, अप्पा? मनाला लावून घिऊ नका," मारोती म्हणाला.

"जाने दो, अप्पा," गफूरभाईंनी आपली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली. "अपना पानीच अच्छा है."

अप्पांनी एक मोठा सुस्कारा सोडला. तो इतका छान साधला होता की माझाही क्षणभर विश्वास बसला.

"काय करावं, बाबांनो. न्हाई दिलं तर न्हाई दिलं."

असे म्हणून त्यांनी ती अर्धी भाकरी डाळीत चुरली आणि ठेच्यासाठी हात पुढे केला. मारोतीने ठेच्याची वाटी सरकवली. मी मान खाली घालून जेवत राहिलो.