तादेउशरावांच्या पोलंडची दुरुस्ती

शेजारच्या तादेउशरावांच्या घराची किल्ली गुरुनाथरावांनी घेतली, ती केवळ कुंड्यांना पाणी घालण्यासाठी. मुलाकडे आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला कायमचे राहायला येऊन त्यांना तीन वर्षे झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांच्याशी सलग दहा मिनिटे बोललेला परका माणूस एकच होता: पलीकडच्या दारातला हा एकोणऐंशी वर्षांचा पोलिश सुतार. दोघे रोज स्टेशनापर्यंत चालत जात, बाकावर बसत, आणि येणाऱ्या गाड्यांच्या उशिराबद्दल एकमत करून परत येत. आता त्याच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला होता. दहा दिवस रुग्णालयात आणि मग घरी. घरी का पाठवणार आहेत, हे कोणी उघड बोलत नव्हते.

कुंड्या बैठकीच्या खोलीत होत्या, आणि त्याच खोलीत तीन टेबलांवर तादेउशरावांचा पोलंड होता. अठरा वर्षे खपून लाकडात कोरलेली शहरे: वॉर्सा, क्राकोव आणि ग्दान्स्क. पूर्ण झाल्याशिवाय कोणाला दाखवायची नाहीत, असा त्यांचा बाणा होता. किल्ली देताना मात्र ते म्हणाले होते, "तुम्ही इंजिनिअर आहात. काही चुकलेलं दिसलं तर सांगा."

गुरुनाथरावांनी सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली होती. चूक दिसल्यावर ती नुसती सांगायची, ही कल्पना त्यांना मानवणारी नव्हती. चौथ्या दिवशी पाणी घालता घालता त्यांची नजर क्राकोवच्या मुख्य चौकातल्या चर्चवर गेली. दोन मनोरे होते आणि त्यांतला एक बुटका होता. पट्टी लावली. तेरा सेंटिमीटरचा फरक.

"अगं, बिचाऱ्याचं काम अर्धवट राहिलंय," त्यांनी घरी येऊन पत्नीला सांगितले.

"मग तुम्ही का हात घालताय त्यात?" वृंदाबाई म्हणाल्या.

"त्याच्याकडे आता दिवस किती उरलेत?"

दोन दिवसांत मनोरा उंच झाला, रंगही जुळला. काम इतके बेमालूम झाले की गुरुनाथराव ग्दान्स्ककडे वळले. तिथे दोन जाड बुरुजांच्या मधून एक लाकडी खोली थेट नदीवर झेपावली होती आणि खालून तिला कसलाच आधार नव्हता. हे पाहून त्यांना रात्री झोप येईना. सकाळी त्यांनी तिच्याखाली एक भक्कम खांब दिला.

राहता राहिले वॉर्सा. त्याच्या उजव्या अर्ध्या भागात रंगीत घरांचा सुबक चौक होता. डाव्या भागात मोडक्या भिंती आणि विटांच्या चुऱ्याचे ढीग.

"राडारोडा," गुरुनाथरावांनी निदान केले. "बांधकाम संपलं की उचलायचा असतो. राहून गेलंय."

"अन् हा माणूस छातीचा आजारी!" वृंदाबाईंनी पदर खोचला. "ही धूळ नाकात गेली तर? सरका, हूव्हर आणते, सगळी धूळ ओढून घेते."

गुरुवारी संध्याकाळी यशोधन ऑफिसातून आला, तेव्हा वडिलांनी त्याला मोठ्या कौतुकाने शेजारी नेले. यशोधनच्या कंपनीचे एक ऑफिस क्राकोवला होते आणि तो तिथे चार वेळा जाऊन आला होता. तो दारातच थबकला.

"बाबा, हे काय केलंत?"

"दुरुस्ती."

"अहो, तो मनोरा बुटकाच आहे! सहाशे वर्षं बुटका आहे! एक ब्याऐंशी मीटर, दुसरा एकोणसत्तर. तिथला गाइड गोष्ट सांगतो, दोन भाऊ बांधत होते आणि एकाने दुसऱ्याचा खून केला."

"मनोऱ्यासाठी?"

"उंचीसाठी! आणि हा खांब? बाबा, ती मध्ययुगातली क्रेन आहे. जहाजं तिच्या खाली येऊन उभी राहायची. तुम्ही नदीत खांब रोवलात!" मग त्याची नजर तिसऱ्या टेबलाच्या डाव्या बाजूकडे गेली. तिथे पॉलिश चमकत होते. "इथे काय होतं?"

"कचरा होता," वृंदाबाई अभिमानाने म्हणाल्या. "मी मोडक्या भिंतींसकट काढला."

यशोधन खुर्चीत बसला. "आई, ते वॉर्सा होतं. जर्मनांनी चव्वेचाळीस साली घर न् घर सुरुंग लावून पाडलं. ते इकडे. आणि लोकांनी जुनी चित्रं, जुने नकाशे शोधून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. ते तिकडे."

"पण ढिगारे कोण जपून ठेवतं रे?"

उत्तर टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर होते. यशोधनने इंग्रजी मजकूर वाचून सांगितला: हा चुरा त्या विटांचा, ज्या तादेउशरावांच्या आईने शेहेचाळीस साली याच गल्लीतून हातांनी उपसल्या. जे उपसायला वॉर्साला काही वर्षे लागली, ते वृंदाबाईंनी वीस मिनिटांत उपसले होते.

"पिशवी कुठेय?" गुरुनाथरावांनी विचारले.

"आज गुरुवार," वृंदाबाई म्हणाल्या. "बिनवाला सकाळीच कचरा घेऊन गेला."

शुक्रवार दुरुस्तीची दुरुस्ती करण्यात गेला. मनोऱ्याला करवत लावली, पण गोंद इतका पक्का होता की मूळचा मनोराच उभा चिरला. खांब काढताना क्रेन हातात आली. वृंदाबाईंनी खलबत्त्यात बागेतली आयरिश वीट कुटली, आणि गुरुनाथरावांनी तिचे ढिगारे रचले. सारख्या उंचीचे, सारख्या उताराचे, सारख्या अंतरावर.

शनिवारी दुपारी येणारा माणूस सकाळी साडेदहालाच आला. चाकाच्या खुर्चीत, नाकात नळी. गेल्या दहा दिवसांत तो अर्धा झाला होता. गुरुनाथरावांनी उभे राहून सगळे गुन्हे क्रमाने सांगितले. वृंदाबाई शेजारी डोळे पुशीत होत्या.

तादेउशरावांनी खुर्ची वॉर्साजवळ घेतली.

"हे ढिगारे कोणी केले?"

"मी."

"तुम्ही उद्ध्वस्त झालेलं शहर कधी पाहिलंय?"

"नाही."

"दिसतंच आहे. घरं रांगेत उभी राहून पडत नाहीत." त्यांनी बोटाने एक ढीग विस्कटला. "आईची वीट गेली."

"माझ्या हातून गेली," वृंदाबाई कशाबशा म्हणाल्या. गुरुनाथरावांनी ते इंग्रजीत सांगितले.

म्हातारा वृंदाबाईंकडे बघत राहिला. "ती वीट आई फेकायलाच निघाली होती. तिला त्या धुळीची चीड होती. जन्मभर घर पुसत राहिली. मी लपवून ठेवली होती." त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत सगळे थांबले. "तुमच्या बायकोशी तिचं छान जमलं असतं. तिला मी माफ करतो. तुम्हाला नाही. क्राकोवला हात लावणाऱ्याला माफी नाही. रोज दहाला या. मी सांगेन, तुम्ही कापा. सगळं परत."

गुरुनाथरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच कागद घेतला. मोडक्या भिंती दोनशे चौदा, मनोरा एक, क्रेन एक, रोजचे तीन तास, रविवार सुट्टी. गुणाकार केला आणि सवयीने मोठ्याने वाचला. "चौदा महिने."

डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती, आणि ऑक्टोबर निम्मा संपला होता.

"म्हणजे..." गुरुनाथराव चाचरले, "जरा घाई केली, तर दोन महिन्यांत..."

"घाई केलीत म्हणूनच हे झालं." तादेउशरावांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन आकडेमोड तपासली आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. "सोमवारी डॉक्टरीण येणार आहे. तिला दाखवतो. तिचा हिशेब चुकलाय."

गुरुनाथरावांनी हात पुढे करून कागद परत मागितला, खिशातले पेन काढले आणि चौदाचे सोळा केले.

"क्रेन," यादीतल्या 'क्रेन एक'वर अंगठा ठेवत ते म्हणाले, "धरायची राहिली होती."